मतलई

गाळण-कागद कोरा असताना भरला
दोन पूर्णांक आठ एक चार सहा ग्रॅम.
कोपऱ्यावर नंबर घातला तो पेन्सिलीने;
शाईचंही वजन भरतं.

लोट्याच्या सड्यावर सॉल्व्हंटचं गोदाम
दुपारी अडीचला पेटलं होतं.
चारच्या आत मी आणि ड्रायव्हर जुवळे
चिपळुणात नगरपालिकेच्या शाळेच्या गच्चीवर
यंत्र चढवत होतो.
दर जिन्याला तो थांबायचा:
"मॅडम, हवा मोजायला एवढं लोखंड?"

वारा खारा, वायव्येचा.
धूर सरळ आमच्या अंगावर,
म्हणजे जागा बरोबर निवडली.
या नोकरीत असं म्हणावं लागतं.
जिभेवर नाणं चाटल्याची चव,
खाली मैदानात कुणाची तरी आई
पोराला पदरात गुंडाळून पळत होती,
आणि पंप, मिनिटाला एक पूर्णांक एक घनमीटर.
दीडशे माणसं निवांत बसून घेतील तेवढा श्वास
तो एकटा घेतो.
खोकत नाही.

रात्री दहाला वारा पडला.
पाच मिनिटं काहीच नाही. झेंड्याची दोरीही गप्प.
मग पाठीमागून, घाटाकडून, गार.
जुवळेने बोट ओलं करून वर धरलं,
उगाचच; त्याला आधीच कळलं होतं.
खाडीकाठचा माणूस.
"मतलई सुटला," म्हणाला. "आता आमच्याकडे."

शहरावर चांदण्या दिसायला लागल्या.
समोरच्या इमारतीत खिडक्या उघडल्या,
कुणीतरी टीव्ही मोठा केला.
मी साहेबांना फोन लावला:
यंत्र भोईवाडीत नेऊ का?
ते म्हणाले, आठ तास मोडले की नमुना बाद.
चूक बोलत नव्हते.
जुवळे कठड्याला टेकून
पश्चिमेकडे बघत राहिला. तिकडे दिवे नव्हते,
किंवा होते आणि दिसत नव्हते.
बारापर्यंत आमच्या यंत्राने
स्वच्छ हवा मोजली.

कागद, काळा: तीन पूर्णांक एक तीन एक चार.
वजाबाकी, भागाकार.
घनमीटरला सहाशे मायक्रोग्रॅम. मर्यादा शंभर.
खाली शेरा, वरून आलेला:
रात्री दहानंतर हवेत सुधारणा.

जुवळे दुसऱ्या दिवशी अकराला उगवला,
हातात परात.
सुगंधाने, त्याच्या बायकोने,
आमसुलं अंगणात वाळत घातलेली, रात्रभर तशीच राहिलेली.
"काळ्यावर काळं काय दिसणार," तो म्हणाला,
आणि एकेक उचलून बाजूला ठेवू लागला.
खाली धोतराचं फडकं.
जिथे आमसूल, तिथे लाल गोल.
मधलं सगळं करडं.
"हे मोजता येईल?"

नाही, मी म्हटलं. कोऱ्याचं वजन कुठाय?
किती हवा यावरून गेली, कोण सांगणार?
कोकमाचा रस आहे, मीठ आहे, दव आहे.
मी खरं तेच सांगत होते
आणि माझा आवाज साहेबांसारखा येत होता.

तो काही बोलला नाही. जेवायच्या सुट्टीनंतर परत आला.
खिशातून घडी काढली:
"फाडलं तेव्हा अर्धंच फाडलं तिनं.
हे पेटीत होतं."
डांबराच्या गोळ्यांचा वास. पांढरं, जरा पिवळट.

दोन लाल गोलांच्या मधून
काडेपेटीएवढा चौकोन कापला.
तेवढाच पेटीतल्या धोतराचा.
नोंदवहीत याला रकाना नाही.
मी मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं, पेन्सिलीने,
भोईवाडी, आणि पुढे जागा सोडली.

तराजूचं काचेचं दार लावलं.
शेवटचा आकडा थरथरत होता,
रस्त्यावरून टँकर गेला की हलतो तसा.
मी श्वास धरला.
जुवळेनेही धरला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.